लामुसाची निळी चिंधी

आमच्या गावात लामुसाला हट्टी म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांत मी पहिली. एकदा तिनं मनात घेतलं की घेतलं. मग तुम्ही समोर नाचा, रडा, शिव्या घाला, ती आपली मान खाली घालून तेच करत राहणार. कुपेलाहून तेंकोदोगोकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवणारी जी टोळी आहे, तिच्यात ती एकटी बाई. बाकी सगळे बाप्ये. ती तिथवर कशी पोचली ते मी सांगते, कारण मी तिच्या शेजारीच मुरमाची घमेली उचलत होते.

रस्त्याचं काम सरकारचं. शाळेच्या मैदानात सगळ्या गावासमोर पोतं ठेवतात. पोत्यात बाटल्यांची बुचं, त्यातली काही लाल रंगवलेली. ज्याला काम हवं त्यानं हात घालायचा. लाल निघालं तर काम, नाही तर घरी जा आणि नशिबाला बोल लाव. मागच्या खेपेला लामुसाला लाल निघालं होतं. तिचा पोरगा नोआगा तेव्हा अंगावर पिणारा. नवरा आयव्हरी कोस्टला कोकोच्या मळ्यात, त्याचा फोन यायचा तोही आईचे गुडघे कसे आहेत ते विचारायला. लामुसानं पोर पाठीला बांधलं आणि आली मुरूम वाहायला. पोरवाल्या बाया सगळ्याच तशा यायच्या.

मग एका सकाळी रोड रोलर मागे घेताना एका बाईचा पाय अडकला. पाठीवर तिचं पोर. दोघं वाचली, पण अगदी थोडक्यात. मुकादम इतका घाबरला की त्यानं त्याच दिवशी फर्मान काढलं, लाईनीवर पोर दिसता कामा नये. घरी ठेवून या म्हणाला. घरी कुणाकडे, ते काही म्हणाला नाही. त्याची बायको ठेवते ना त्याची पोरं, त्याला काय कळणार! बघता बघता निम्म्या बाया गळाल्या आणि त्यांच्या जागी त्यांचे दीर, भाऊ येऊन उभे राहिले. लामुसाही गळाली. लाल बूच मुकादमाच्या हातात ठेवताना तिच्या डोळ्यात टिपूस नव्हतं.

परत येताना मला म्हणाली, "हादो, पुढच्या खेपेला मी येणार. पोराला घेऊन येणार नाही, आणि टाकूनही येणार नाही."

"मग काय, आभाळाला टांगून येणार?" मी म्हटलं.

"ते बघू," ती म्हणाली. बस, एवढंच.

पुढची खेप आली तेव्हा सरकारनं तंबू दिला. आपोआप नाही दिला, बरं का. नगरपालिकेत बसून बायांनी किती दिवस डोकं खाल्लं तेव्हा दिला. तिथला एक साहेब म्हणाला, पोरं सांभाळणं हे काय रस्त्याचं काम आहे, त्याला सरकारी पैसा कसा लावायचा? माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, "साहेब, रोलर चालायला डिझेल लागतं, ते रस्त्याचं काम. मग बाई चालायला काय लागतं ते कुठल्या खात्यात टाकता?" तो पंख्याकडे बघत बसला. पण तंबू आला. चटया आल्या, नळ लावलेलं पाण्याचं पिंप आलं, पेजेसाठी बाजरी आली, आणि पोरं सांभाळायला शिकवून तयार केलेल्या बाया आल्या. कुणी एक छदाम मागितला नाही. रस्ता पुढे सरकला की तंबूही उचलून पुढे नेऊन ठोकायचा, म्हणजे पाजायला आईला लांब जायला नको.

त्या बायांची मुख्य ओदिल तोए. सामो जमातीची, इकडे नवऱ्याच्या नोकरीपायी आलेली. आवाज रोलरपेक्षा मोठा. तिनं एक रीत घातली होती. सकाळी पोर सोपवताना आईनं आपल्या नेसूच्या कापडाच्या तीन चिंध्या द्यायच्या. एक पोराच्या मनगटाला, एक आईच्या मनगटाला, आणि तिसरी ओदिलजवळ. पोर भुकेलं, रडायला लागलं, अंग तापलं, तर ओदिल ती तिसरी चिंधी तंबूच्या खांबावर चढवायची. लाईनीवरून मान वर केली की दिसायचं, कुणाचा रंग आहे. जिचा असेल तिनं जायचं, मुकादमानं अडवायचं नाही. आणि संध्याकाळी पोर परत मिळायचं ते मनगटाला तीच चिंधी असेल तिलाच.

लामुसाला पुन्हा लाल बूच निघालं. आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? अडलं घरात. तिची सासू अलिमाता, जिला सगळे याबा, म्हणजे आजी, म्हणतात.

याबा वाईट बाई नव्हे, हे आधी सांगते, नाही तर लोक उगाच सासूचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. मोटार-स्टँडवर तिची कढई. शेंगदाणे वाटून तेल पिळायचं आणि उरलेल्या लगद्याच्या कड्या वळून त्याच तेलात तळायची. त्या कड्या खायला लांबून लोक येतात. म्हणजे ती पण कामावरच, लामुसासारखी. पण नोआगाला तंबूत ठेवायचं म्हटलं की तिचा चेहरा दगड व्हायचा.

"ज्यांचं पोर नाही त्यांचं लक्ष नाही," एवढंच म्हणायची. "माझ्या पाठीवर काय जड झालाय?"

मग लामुसा रस्त्यावर आणि नोआगा याबाच्या पाठीवर, तोवर ठीक. पण नोआगा चालायला लागला. चालायला कसला, पळायला लागला. एका दुपारी आम्ही दोघी पाणी प्यायला स्टँडवर गेलो. याबा कढईपुढे बसलेली, आणि तिच्या मागे नोआगा. लामुसाच्याच जुन्या निळ्या नेसूच्या पट्टीनं त्याचा पाय बाकाला बांधलेला. ढांग टाकायचा, पट्टी ताणली जायची, तोंडावर पडायचा. उठायचा, परत ढांग. रडतही नव्हता, सवय झाली होती त्याला.

लामुसानं खाली बसून गाठ सोडली. घोट्याभोवती लाल वळ उठला होता.

"सोडू नकोस गं, तेल आहे इथं!" याबा ओरडली. "भाजेल पोर!"

"म्हणूनच सोडते," लामुसा म्हणाली. "माझं पोर बकरी नाही, याबा."

"मग मी काय करू? कढई टाकून त्याच्यामागे पळू? तुझा नवरा पाठवतो का काही? ही कढई आहे म्हणून चूल आहे."

तिचंही खरंच होतं. दोन कमावत्या बाया आणि मध्ये एक पोर. आम्ही तिथून निघालो तेव्हा याबा पट्टी परत बांधत होती. लामुसा वाटभर माझ्यापुढे ताडताड चालली, आणि ती अशी चालायला लागली की मला धसका बसतो.

हे सगळं मी ओदिलला सांगितलं. ओदिलचा स्वभाव असा, की ऐकलं की उठलीच. "थांब, मी बघते म्हातारीकडे," म्हणाली. तिला वाटलं होतं काम सोपं आहे. आम्हा मोस्सींचं आणि सामोंचं थट्टेचं नातं. सामो मोस्सीला गुलाम म्हणणार, मोस्सी सामोला गुलाम म्हणणार, कुत्र्याचं मुंडकं कुणी चोरून खाल्लं यावरून भर बाजारात भांडणार, आणि कुणी रागावायचं नाही. राग धरला तर लोक त्यालाच हसतात. आणि थट्टेच्या नातेवाइकानं काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही, ही त्यातली खरी मेख. कितीतरी सोडचिठ्ठ्या, भाऊबंदकीची भांडणं अशी मिटलेली मी बघितली आहेत.

तर ओदिल गेली. लामुसाच्या सासरचं आडनाव निकिएमा, आणि निकिएमा म्हणजे मोस्सी, यात तिला शंकाच नव्हती. कढईपुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी गरजली, "काय गं ए गुलाम! कुत्र्याच्या मुंडक्याची चोर! माझी मालमत्ता बाकाला बांधून ठेवतेस? सोड त्याला, मालकीण न्यायला आलीय!"

लोक हसायला लागले. ड्रायव्हर हसले, हमाल हसले. याबा हसली नाही. झारा हातात घेऊन ती हळूहळू उभी राहिली.

"मी गारांगोच्या बांसेंची लेक," ती म्हणाली. "बिसा आहे मी. तुझं माझं काय नातं?"

हसू जागच्या जागी मेलं. बिसा ही वेगळी जमात, त्यांची थट्टा असते ती गुरुन्सींशी, सामोंशी नव्हे. नातं नसलेल्या म्हाताऱ्या बाईला भर चौकात गुलाम आणि चोर म्हटलं होतं ओदिलनं. सासरचं आडनाव ऐकून माहेर विचारायचं राहिलं. ही चूक आमच्याकडे होते, पण झाली की पाताळात जावंसं वाटतं. ओदिल जमिनीवर गुडघे टेकून माफी मागायला लागली. याबानं तिच्याकडे बघितलंही नाही. तिची नजर गर्दीमागे उभ्या असलेल्या लामुसावर.

"तू पाठवलंस हिला? चारचौघांत माझी अब्रू काढायला?" याबानं झारा तिच्यावर रोखला. "ऐक मग. ज्या दिवशी ते पोर त्या तंबूत जाईल, त्या दिवशी तू माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाहीस."

लामुसानं पाठवलं नव्हतं, मी बोलून बसले होते. मी पुढे होऊन तसं सांगितलंही. पण याबानं कान बंद केले होते.

त्याच आठवड्यात मुकादमानं सांगितलं, पेव्हरच्या टोळीत माणसं घ्यायची आहेत. मुरूम वाहायचं काम रस्त्याबरोबर संपतं, पेव्हरवाला या रस्त्यावरून त्या रस्त्यावर जातो, त्याला मरण नाही. ज्यांना यायचं त्यांनी एक ओळ बसवून दाखवायची. लामुसा रोज दुपारी उष्टे हात धुवून त्या बाप्यांच्या मागे उभी राहायची, वाळू कशी ओढतात, दोरी कशी ताणतात ते बघत. तिनं सांगितलं, मी बसवणार. मुकादम हसला. मीही नाव दिलं, आपलं तिला सोबत म्हणून.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी तंबूपाशी आले तर लामुसा उभी. कडेवर नोआगा, डोक्यावर बोचकं.

मी तिचा दंड धरला. "अगं, हे काय? घर सोडलंस?"

"मी नाही सोडलं. याबानं बोचकं बाहेर ठेवलं, मी उचललं."

"लामुसा, माझं ऐक. आज परत ने त्याला. सासूचे पाय धर. नवऱ्याला फोन कर."

"आणि काय सांगू? ये आणि पोराचा पाय सोड?" तिनं बोचक्यातून ती निळी पट्टी काढली, तीच, बाकाची. दातानं फाडून तिचे तीन तुकडे केले. एक नोआगाच्या मनगटाला, एक आपल्या. तिसरा तिनं ओदिलच्या हातात दिला. "नोआगाला फक्त माझ्या हातात द्यायचं. कुणीही येऊ दे."

"राष्ट्राध्यक्ष आले तरी देणार नाही," ओदिल म्हणाली. स्टँडवरच्या त्या दिवसापासून ती थट्टा करायची विसरलीच होती, हे अगदी खरेपणानं म्हणाली.

नोआगा आत गेला. आधी दाराशी उभा राहिला, पायाकडे बघितलं. मग एक ढांग टाकली. मग दुसरी. मग जो सुटला तो पार तंबूच्या दुसऱ्या टोकाला पिंपावर जाऊन आदळला, आणि हसायला लागला. लामुसानं तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांना मात्र तेव्हा धार लागली, मला नाही असलं सोसत.

आम्ही ओळी मांडायला घेतल्या. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुकादमाचा भाचा. वाळूचा थर ओढायचा, दोरीला लावून ब्लॉक ठेवायचा, रबरी हातोडीनं ठोकायचा, पाणसळ लावून सपाटी बघायची. लामुसाचा हात असा चालला होता, की भाचा माझ्याकडे बघून डोळे मोठे करायचा. ती प्रत्येक ब्लॉकनंतर मान वर करून खांबाकडे बघायची. पिवळी चिंधी चढली, उतरली. फुलाफुलांची चढली, उतरली. निळी नाही.

आणि मग निळी चढली. तिची ओळ निम्मी झाली होती.

"ओळ अर्धवट सोडली तर धरणार नाही हं," मुकादम म्हणाला.

लामुसानं हातोडी वाळूवर ठेवली, माझ्याकडे बघून म्हणाली, "यावर पाय पडू देऊ नको कुणाचा," आणि पळाली. मी कसली थांबते! भाच्याला म्हटलं, "बघ रे," आणि तिच्यामागे पळाले.

तंबूच्या दारात याबा उभी होती. हातात झारा, तेल ठिबकत होतं. कढई तशीच टाकून आली होती, जी बाई तापातसुद्धा कढई टाकत नाही. तिच्यासमोर ओदिल, म्हातारीला बघून तिनंच निळी चढवली होती, आणि आता दोन्ही हात पसरून दार अडवून उभी.

"माझा नातू आहे तो!" याबा ओरडत होती. "मी आजी आहे त्याची! सगळं गाव ओळखतं मला!"

"ओळखतं. मीही ओळखते," ओदिल म्हणाली. घाबरलेली होती, पण हात खाली आणले नाहीत. "त्या दिवशी माझं चुकलं, त्याबद्दल तो झारा माझ्या डोक्यात घाला. मी उभी आहे. पण पोर मिळणार नाही. चिंधी दाखवा."

"मला, आजीला, चिंधी मागतेस?"

"कुणालाही मागते. चिंधी नाही तर पोर नाही."

लामुसा धापा टाकत येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता झुंपणार. पण याबा ओदिलच्या पसरलेल्या हातांकडेच बघत राहिली. मग ती तिथंच मातीत बसली. झारा बाजूला पडला.

"माझ्या हावाला असं कुणी अडवलं नाही," ती म्हणाली.

लामुसाला एवढंच माहीत होतं, की नवऱ्याच्या पाठीवर एक बहीण होती आणि ती लहानपणी गेली. घरात त्यापुढे कुणी बोलायचं नाही.

"बांध बांधत होते तेव्हा," याबा मातीकडे बघत बोलत होती. "आम्ही डोक्यावरून माती वाहायचो. पोरं नेरेच्या झाडाखाली, आणि त्यांना बघायला एक पोरगी, स्वतःच शेंबडी. माझी हावा उठली, म्हणाली, आईकडे जाते. पोरगी म्हणाली, जा. वाटेत बाया भेटल्या. त्यांनाही सांगितलं तिनं, आईकडे जाते. त्याही म्हणाल्या, जा. सगळ्या मला ओळखत होत्या. सगळ्यांनी जा म्हटलं. मुरमाच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं." ती थांबली. "एक जण, एक जण जरी नाही म्हणाली असती!"

आतून नोआगाचा आवाज येत होता, पातेलं बडवत होता. लामुसा याबाशेजारी मातीत बसली आणि तिनं तिचा तेलकट हात आपल्या हातात घेतला.

लाईनीवरून मुकादमाची शिट्टी आली. याबानं डोळे पुसले आणि लामुसाला कोपरानं ढोसलं.

"बसलीस काय? ओळ अर्धी टाकून आलीस ना? जा. आणि ते बोचकं संध्याकाळी घरी आण, डोक्यावर घेऊन गावभर मिरवू नको."

मग ती ओदिलकडे वळली. बराच वेळ तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आणि तू गं, कुत्र्याचं मुंडकं खाणारे."

ओदिल दचकली.

"अशी काय बघतेस? माझा सगळा जन्म मोस्सींच्या घरात गेला. त्यांची बाजरीची उकड खाऊन दात पडले माझे. मग मी कोण झाले? मोस्सीच ना? म्हणजे तू माझी गुलाम."

ओदिलचा तो रोलरसारखा आवाज परत आला. "गुलाम तू, म्हातारे! बिनदाताची चोर!"

सगळ्या बाया हसल्या, मी तर पोट धरून हसले. याबा हसत नव्हती. तिनं झारा उचलून ओदिलपुढे धरला.

"मालकिणीचा हुकूम आहे, नीट ऐक. उद्यापासून मी आले तरी पोर द्यायचं नाही. रडले तरी नाही, शिव्या दिल्या तरी नाही. चिंधीशिवाय कुणाला म्हणजे कुणाला नाही. कळलं?"

"कळलं," ओदिल म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

आम्ही लाईनीवर परत आलो. मुकादम छातीवर हात बांधून उभा होता. लामुसानं गुडघे टेकले, हातोडी उचलली आणि उरलेली ओळ बसवली, शेवटच्या ब्लॉकपर्यंत. मग उठून त्याला म्हणाली, "लाव पाणसळ."

त्यानं लावली. एकदा इकडून, एकदा तिकडून. बुडबुडा मधून हलेना. मुकादमानं भाच्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, आणि म्हणाला, "उद्या टोळीबरोबर लवकर ये. नवी दोरी मिळेल." माझी ओळ वाकडी निघाली, ते जाऊ द्या.

लामुसानं मान वर करून तंबूकडे बघितलं. मीही बघितलं. खांबावरची निळी चिंधी उतरली होती, आणि तिनं पुढच्या ओळीची वाळू ओढायला घेतली.